पाण्यावरची लग्नसराई

बालदोस्तांनो, फेब्रुवारी महिना लागला की आपल्याकडे काय काय सुरू होतं, सांगा बरं! आंब्याला मोहोर येतो, पळस फुलायला लागतो, शाळेत परीक्षेच्या गोष्टी सुरू होतात आणि गावोगावी मांडव पडतात. बँड वाजतो, वरात निघते आणि आपली पंगतीत चंगळ होते!

पण अगदी ह्याच दिवसांत आणखी एका ठिकाणी लग्नसराई चालू असते, बरं का! तिथं मांडव नाही, अक्षता नाहीत, निमंत्रणपत्रिका तर नाहीच नाही. वऱ्हाडी मात्र हजारोंनी जमलेले असतात. आणि तेही कुठून कुठून? लडाख, तिबेट, मध्य आशिया, थेट सायबेरियातूनसुद्धा! हे वऱ्हाडी म्हणजे रानबदकं. चला तर, आज आपण त्यांच्या लग्नाला जाऊ या.

लग्नस्थळ : मुक्काम नांदूर मध्यमेश्वर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. मुहूर्त : पहाटेचा!

नाशिक शहरापासून हे ठिकाण साधारण ४० किलोमीटरवर आहे. निफाडपर्यंत एस.टी.नं किंवा रेल्वेनं यायचं आणि तिथून पुढं उसाच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांमधून वाट काढत चापडगावला पोचायचं. तिथं वनखात्याचा निरीक्षण मनोरा आहे. सूर्य उगवायच्या आत मनोऱ्यावर चढलात, तर समोर धुक्यात बुडालेलं पाणी दिसतं. आधी काही दिसतच नाही, नुसतं ऐकू येतं. शिट्या, कलकल, पंखांची फडफड आणि मधूनच कुणीतरी कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवावं तसा आवाज! मग हळूहळू धुकं वर उचलतं आणि पाण्यावर ठिपकेच ठिपके दिसायला लागतात.

हे पाणी इथं आलं कसं, तेही सांगते. इथं गोदावरी आणि कादवा ह्या दोन नद्यांचा संगम आहे. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शेतीला पाणी मिळावं म्हणून इथं दगडी बंधारा बांधला. त्या वेळी पक्ष्यांचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. पण दर पावसाळ्यात नद्यांनी गाळ वाहून आणला. बंधाऱ्यामागं उथळ पाणी, चिखल, बेटं आणि पाणकणसाची दाटी तयार झाली. बदकांना हवं असतं ते नेमकं हेच! खोल पाण्यात त्यांची चोच तळापर्यंत पोचत नाही, उथळ पाण्यात डोकं खाली आणि शेपटी वर केली की खाऊ मिळतो. पक्षी येत राहिले, वाढत राहिले. १९८६ साली इथं अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं ‘रामसर स्थळ’ म्हणून जाहीर झाली. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागा वाचवण्याचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या करारानुसार जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींची यादी केली जाते. आपल्या निफाड तालुक्याचं नाव त्या यादीत आहे. आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

नवरदेवांचे कपडे

आता दुर्बीण डोळ्यांना लावा. दुर्बीण नसेल तरी काळजी नको, काही बदकं काठाजवळही असतात.

ती पाहा, चपट्या थापीसारखी चोच असलेली. तो ‘थापट्या’. नराचं डोकं गडद हिरवं, छाती पांढरीशुभ्र, कुशी विटकरी. ते लांब मानेचे, शेपटीतून टोकदार पीस बाहेर आलेले ‘तलवार बदक’. कपाळावर पिवळसर मळवट भरलेला तो ‘तरंग’. डोळ्यावर पांढरी कमान रेखलेली ती ‘भुवई बदकं’. आणि त्या सगळ्यांमध्ये छोटासा, डोळ्याभोवती हिरवा पट्टा असलेला तो ‘चक्रांग’.

हे सगळे झाले नर. त्यांच्या माद्या कशा दिसतात? सगळ्या तपकिरी, अंगावर फिकट रेघा. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं! त्यांना जमिनीवर गवतात घरटं करून अंड्यांवर बसायचं असतं. भडक रंग असता तर कोल्ह्याच्या नजरेला लगेच पडल्या नसत्या का?

एक गंमत सांगते. हेच पक्षी तुम्ही ऑक्टोबरात पाहिलेत, तर नर कोणता आणि मादी कोणती ते चटकन ओळखू येणार नाही. तेव्हा नरही मळकट तपकिरीच असतात. त्याचं कारण असं. उन्हाळ्यात तिकडं उत्तरेत मादी अंड्यांवर बसली, की हे नर आपली पिसं टाकतात. पंखांची मोठी पिसं तर सगळी एकदमच गळतात. तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही! अशा वेळी रंगीत कपडे घालून फिरणं म्हणजे शिकाऱ्याला हाक मारणंच. म्हणून ते काही काळ साधे कपडे घालतात आणि त्याच वेषात आपल्याकडे येतात. मग थंडी वाढत जाते तशी एकेक रंगीत पिसं फुटतात. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत नवरदेवांचा पोशाख पुरता शिवून तयार! म्हणजे त्यांचा शिंपी आपल्याच पाण्यावर बसतो, असं म्हणायला काय हरकत आहे?

नाच कुणाचा, पसंती कुणाची?

पोशाख झाला, आता नाच. एखादी मादी शांतपणे पोहत असते. तिच्याभोवती पाच-सहा नर गोळा होतात. एक पाण्यातून छाती वर उचलतो, चोचीनं पाण्याचे थेंब उडवतो आणि शीळ घालतो. दुसरा डोकं आणि शेपटी एकदम वर करून अंग आखडून घेतो, जणू स्प्रिंग दाबली! तिसरा पंखामागं चोच घालून पिसं साफ केल्याचं नुसतं सोंग करतो. खरं तर त्याला पंखावरचा चमकदार पट्टा दाखवायचा असतो. भुवई बदकाचा नर तर मान मागं टाकून डोकं थेट पाठीवर टेकवतो आणि ‘कर्र्र’ असा आवाज काढतो. पहाटे ऐकलेला कंगव्याचा आवाज तो हाच!

प्रत्येक जातीचा नाच वेगळा. हजारो पक्ष्यांच्या गर्दीत थापट्याच्या मादीला थापट्याच मिळावा, तलवारीच्या मादीला तलवारच मिळावा, ह्यासाठी ही ओळखीची खूण. ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ ह्या शास्त्रज्ञानं बदकांच्या नाचातल्या ह्या एकेका ‘पायऱ्या’ बारकाईनं टिपल्या आणि १९४१ साली त्यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास केल्याबद्दल १९७३ साली त्याला आणखी दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. बदकं बघत बसल्यावर घरचे रागावले, तर त्यांना हे जरूर सांगा!

आता सांगा, एवढे सगळे नाचतात तर ठरवतं कोण? मादी! आणि ती ठरवते तेही पाहण्यासारखं असतं. तिला एखादा नर पसंत पडला की ती त्याच्या बाजूला जाऊन पोहायला लागते. दुसरा कुणी जवळ आला की खांद्यावरून मान वळवून त्याच्याकडे चोच रोखते आणि ओरडते. जणू पसंतीच्या नराला सांगते, “बघतोस काय? त्याला हाकल!” मग तो मान पुढं करून धावून जातो. बऱ्याच जातींमध्ये माद्यांपेक्षा नर जास्त असतात, त्यामुळं काही नवरदेव नाचून नाचून दमतात आणि तसेच राहतात.

कधीकधी वरात हवेतही निघते. तलवार बदकांची एक मादी पुढं आणि मागं तीन-चार नर, वळणं घेत, वर-खाली होत सुसाट उडत असतात. मागचे एकेक करून गळतात. पण जोडी एकदा जमली की दोघंच उडतात आणि तेव्हाही बहुतेक वेळा पुढं मादी आणि मागं नर असतो. हे तुम्ही स्वतः पडताळून पाहा.

लग्न इथं, संसार तिकडं

तुम्ही म्हणाल, अंडी घालायची सायबेरियात, मग लग्नाची घाई इथं कशाला?

प्रश्न अगदी बरोबर आहे. तिकडचा उन्हाळा फार लहान असतो. बर्फ वितळलं की लगेच घरटं करून, पिल्लं वाढवून, पुन्हा थंडी पडायच्या आत निघायचं. तिथं जाऊन जोडीदार शोधत बसलं तर उशीर होणार. म्हणून ठरवाठरवी इथंच उरकायची. दुसरं कारण म्हणजे मादीची भूक. प्रवासासाठी तिला अंगात चरबी साठवायची असते. नंतर सात ते अकरा अंडी घालायची असतात, त्यासाठी गोगलगाई, किडे असा कस असलेला आहार लागतो. एकटी असली तर दर दोन घासांना कुणीतरी येऊन त्रास देतं. जोडीदार असला की तो मान वर करून पहारा देतो आणि ती डोकं पाण्यात घालून निवांत खाते. पाच मिनिटं थांबून बघा. जोडीतलं कोण जास्त वेळ खातं आणि कोण जास्त वेळ इकडं-तिकडं बघतं, ते मोजा.

मार्च उजाडला की थवे हलायला लागतात. आणि आता ऐका सगळ्यात मोठी गंमत. पुष्कळ पक्ष्यांमध्ये नर आपल्या जन्मगावी परततो आणि मादी नव्या ठिकाणी जाते. बदकांमध्ये उलटं! मादी जिथं अंड्यातून बाहेर आली, त्याच तळ्याकडे परतायला बघते आणि नर मुकाट्यानं तिच्या मागं जातो. त्याचं स्वतःचं गाव कुठंतरी हजार मैलांवर राहून जातं. म्हणजे नवरदेव सगळे घरजावई!

आमच्या चौथीच्या मुलांना सहलीला घेऊन गेले होते, तेव्हा हे सांगितल्यावर सगळा वर्ग हसत सुटला. एक मुलगी मात्र हसली नाही. तिच्या ताईचं लग्न आठच दिवसांपूर्वी झालं होतं. ती कठड्याला रेलून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “बाई, म्हणजे ती आपल्या आईच्याच गावाला जाते?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “बरंय तिचं.” त्यावर मी काय बोलणार? मुलांनो, पक्ष्यांकडून माणसांनी नियम घ्यायचे नसतात. पण ‘जगात सगळीकडे असंच असतं’ असं जेव्हा कुणी आपल्याला सांगतं, तेव्हा ते खरोखरच तसं असतं का, हे मात्र बघावं.

घरजावई झालेला हा नर फार दिवस टिकत नाही, हेही सांगायला हवं. मादी अंड्यांवर बसली की बहुतेक जातींचे नर तिला सोडून जातात. साधारण २२ ते २६ दिवस ती एकटी अंडी उबवते, पिल्लांनाही एकटीच सांभाळते. पिल्लं मात्र शहाणी! अंड्यातून निघाल्यावर दिवसभरातच आईमागं पाण्यात उतरतात आणि आपलं आपण खातात.

जोडी न सोडणारे

पण सगळेच तसे नाहीत. तो बेटावर उभा असलेला नारिंगी रंगाचा मोठा पक्षी पाहा. तो चक्रवाक. त्यालाच ब्राह्मणी बदकही म्हणतात. चक्रवाकाची जोडी वर्षानुवर्षं टिकते आणि पिल्लांना आई-बाप दोघंही सांभाळतात. लडाख-तिबेटात ते कड्यांच्या कपारीत, बिळांत घरटं करतात. संशोधकांनी पाठीवर छोटी यंत्रं बसवून त्यांचा प्रवास मोजला, तेव्हा हिमालय ओलांडताना एक चक्रवाक ६८०० मीटर उंचीपर्यंत गेलेला आढळला. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तो पक्षी त्यावरून जाईल!

जुन्या काव्यांत म्हटलंय, की चक्रवाकाच्या जोडीला शाप आहे. रात्री दोघं नदीच्या दोन तीरांवर राहतात आणि एकमेकांना हाका मारतात. कालिदासानंही मेघदूतात यक्षाच्या विरही पत्नीला एकट्या चक्रवाकीची उपमा दिली आहे. खरं काय? हे पक्षी रात्रीही चरतात आणि चरताना एकमेकांना आवाज देत राहतात. अंधारात दोन्हीकडून हाका ऐकू आल्या, तर ऐकणाऱ्याला वाटणारच, की बिचाऱ्यांची ताटातूट झाली! शाप नाही, आहे ती सोबत.

आणि आपले गावकरी? म्हणजे कायम इथंच राहणारी बदकं? ती पाहा, काळी चोच, चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी दोन लाल ठिपके. नाव ओळखा! ‘हळदीकुंकू बदक’. किती नेमकं नाव ठेवलंय आपल्या लोकांनी! ह्यांचे नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात. वसंतात ह्यांना काही घाई नसते. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी आटतं, तेव्हा पिल्लं काढून करायचं काय? त्यांचा हंगाम पावसाळ्यात. शिट्या घालणारी अडई, झाडाच्या ढोलीत घरटं करणारं इवलंसं काणूक, चोचीवर टेंगूळ असलेला नकटा, ही सगळी पावसाची वाट पाहतात. नकट्याच्या नराचं टेंगूळ तर त्या हंगामात आणखी फुगतं. म्हणजे ‘वसंत ऋतू’ सगळ्यांचा एकच नसतो. जिथं पाणी नि खाऊ मुबलक, तिथं तेव्हा वसंत!

आहेर काय द्यायचा?

लग्नाला आलोय तर आहेर द्यायला हवा. बदकांना हवेत फक्त तीन आहेर : पाणी, खाऊ आणि शांतता.

पाण्याचं कोडं सोपं नाही. हा बंधारा शेतीसाठीच बांधलेला आहे आणि ह्याच्या कालव्यांवर कितीतरी गावांचे मळे पिकतात. शेतकऱ्याला पाणी नको, असं आपण म्हणू शकत नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी एकदम खाली गेलं तर चरायच्या जागा कोरड्या पडतात. वरच्या गावांचं नि शहरांचं सांडपाणी नदीत आलं की जलपर्णी माजते आणि पाणी झाकून टाकते. दोघांचंही भागेल असं पाणी सोडणं नि नदी स्वच्छ ठेवणं, हा मोठ्या माणसांचा गृहपाठ आहे. तो अजून पुरा झालेला नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्यापैकी कुणी अभियंता होईल, कुणी शेतकरी, कुणी सरपंच. तेव्हा हा विसरू नका.

शांतता मात्र आजही आपल्या हातात आहे. बदकं उडताना छान दिसतात म्हणून काहीजण मुद्दाम दगड मारतात, टाळ्या वाजवतात, काठाशी गाणी लावतात. एकदा उडालेला थवा पुन्हा टेकेपर्यंत खाण्याचा वेळ जातो, साठवलेली चरबी खर्च होते. असं दिवसातून दहा वेळा झालं तर? आपण पाच मिनिटं हसलो, पण ती मादी हिमालयाकडे अर्धपोटी निघाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९६० नंतरच्या वर्षांत राजस्थानातल्या भरतपूरला हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली होती. त्यांतली काही बदकं पुढं सायबेरियात सापडली. म्हणजे इथलं पाणी आणि तिथलं घरटं एकाच दोऱ्यानं बांधलेलं आहे. निफाडच्या चिखलात जी उपाशी राहील, तिची अंडी सायबेरियात कमी होतील.

दोऱ्यावरून आठवलं. संक्रांतीचा नायलॉन मांजा! त्यावर बंदी आहे, तरी तो दिसतो. तुटलेला मांजा झाडांत, पाणकणसात अडकून पडतो आणि पक्ष्यांच्या पंखांना कापतो. आपण घ्यायचा नाही आणि मित्रालाही घेऊ द्यायचा नाही. बस्स, एवढाच आहेर!

आणि नांदूर मध्यमेश्वर लांब पडत असेल तर? अहो, भिगवणजवळचं उजनीचं पाणी आहे, पैठणचं जायकवाडी आहे, तुमच्या गावाजवळचा पाझर तलाव आहे. तेही नसेल तर कुणाच्या परसातली पाळीव बदकं तर असतील! बहुतेक पाळीव बदकं ‘मॅलार्ड’ नावाच्या रानबदकापासून आलेली आहेत. त्यांच्या नराच्या शेपटीवर काही पिसं वर वळलेली असतात, ती त्याची खूण. लोरेन्झनं टिपलेल्या कितीतरी लकबी तुम्हाला त्यांच्यातही दिसतील.

तर येत्या रविवारी पहाटे उठा. आई-बाबांना सोबत घ्या. कपडे मातकट, आवाज हळू आणि हातात वही-पेन्सिल. वहीत तीन रकाने आखा : नर किती, माद्या किती, जोड्या किती. दर रविवारी मोजा. मार्चअखेर एके दिवशी रकान्यात शून्य लिहावं लागेल. पण वाईट वाटून घेऊ नका हं! सप्टेंबर लागला, की सर्वांत आधी भुवई बदकं परत येतील. वही जपून ठेवा.